‘थोल’: स्कॉटलंडच्या शेतातला शब्द आणि आपल्या घरातली तुळई

प्रश्न असा आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या उंदरावरच्या कवितेत ‘थोल’ हे क्रियापद भेटलं. शब्दकोश उघडला तर एका नोंदीत ‘सोसणे’ आणि दुसऱ्या नोंदीत ‘वल्हं अडकवायची खुंटी’. कुणीतरी सांगितलं की हा ‘टॉलरेट’चा खेडवळ अपभ्रंश आहे. यातलं खरं काय, आणि हा शब्द आला कुठून?

आधी थेट उत्तर देतो. ‘थोल’ म्हणजे सोसणं, भोगणं, तग धरणं. तो कशाचाही अपभ्रंश नाही. ‘टॉलरेट’ इंग्रजीत आला सोळाव्या शतकात, लॅटिनमधून. ‘थोल’ त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून इंग्लंडच्या भूमीवर बोलला जात होता. दोघांचं नातं आहे, पण चुलत भावंडांचं. खुंटीचा ‘थोल’ मात्र पूर्णपणे वेगळा शब्द. योगायोगाने उच्चार सारखा झाला इतकंच. जुनी इंग्रजी शिकवताना हा शब्द मी मुद्दाम सुरुवातीलाच घेतो, कारण मराठी विद्यार्थ्याला त्याची ओळख पटायला एकच पायरी चढावी लागते.

उच्चार सांगून ठेवतो. यमक ‘होल’शी जुळतं. पहिला ध्वनी आपला ‘थ’ नाही. आपण ‘थ’ म्हणताना जीभ दातांना टेकवून हवा अडवतो आणि मग सोडतो. इथे हवा अडवायची नाही, जीभ आणि दात यांच्या फटीतून ती सरकू द्यायची, ‘थिंक’ म्हणताना इंग्रज देतात तशी. जुन्या इंग्रजीत या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर होतं, ‘थॉर्न’ नावाचं: उभी दांडी आणि तिला मधोमध फुगलेलं पोट. छपाई आल्यावर ते मागे पडलं. इंग्लंडमधल्या दुकानांच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असं जे लिहिलेलं दिसतं, त्यातला ‘य’ हा मुळात त्याच अक्षराचा बिघडलेला आकार आहे. वाचायचं ‘द’च.

जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं रूप होतं ‘थोलिअन’. अर्थ तीन-चार होते आणि ते एकमेकांत मिसळलेले होते. पहिला, दुःख किंवा छळ सोसणं. दुसरा, टिकणं. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात म्हातारा राजा शेवटच्या लढाईआधी आपल्या तलवारीबद्दल बोलतो, की ही तलवार ‘थोलते’ आहे तोवर मी लढत राहीन. हे नीट पाहण्यासारखं आहे. तलवारीला दुःख होत नाही. ती घाव घेते आणि मोडत नाही, म्हणून ती ‘थोलते’. या शब्दाच्या गाभ्यात रडगाणं नाही, भार पेलून उभं राहणं आहे. कोशात नुसतं इंग्रजी ‘सफर’ (suffer, सोसणे) असा अर्थ दिलेला असतो तेव्हा नेमकी हीच छटा निसटते.

तिसरा अर्थ कायद्यातला आहे आणि तो वाचून बहुतेकजण चकित होतात: मुकणं, गमावणं. वेसेक्स या दक्षिण इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा राजा इने याने सातव्या शतकाच्या अखेरीस कायदे केले. ते आपल्यापर्यंत पोचले, कारण नंतर राजा आल्फ्रेडने आपल्या कायद्यांना ते जोडून दिले. त्यात एक कलम आहे: जमीन बाळगणारा खानदानी माणूस लढाईला बोलावल्यावर गेला नाही, तर त्याने १२० शिलिंग भरावेत आणि आपल्या जमिनीला ‘थोलावं’. म्हणजे मुकावं. मराठीत ‘मुकणे’ला जसं ‘जमिनीला मुकला’ असं विशिष्ट विभक्तीचं रूप लागतं, तसंच या अर्थाच्या ‘थोलिअन’ला षष्ठी लागत असे. सोसण्यापासून मुकण्यापर्यंत अर्थ कसा गेला? नुकसान सोसलं, म्हणजे वस्तू गेली. आपण ‘तोटा सोसला’ म्हणतो तेव्हा पैसे गेलेलेच असतात.

आता व्युत्पत्ती. इथे थोडा वेळ द्या, कारण ‘टॉलरेट’चा घोळ इथेच सुटतो.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच वगैरे) भाषा एका कुळातल्या. जर्मानिक शाखा वेगळी झाली तेव्हा तिच्यात काही व्यंजनं ठरावीक पद्धतीने बदलली. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये हे बदल मांडले, याकोब ग्रिमने १८२२ मध्ये त्यांना सूत्राचं रूप दिलं आणि नियमाला ग्रिमचं नाव चिकटलं. त्यातली एकच ओळ आपल्याला पुरते: मुळात जिथे ‘त’ होता, तिथे जर्मानिकमध्ये तो घासून निघणारा ‘थ’ झाला. आपल्याकडे तीन, इंग्रजीत थ्री. संस्कृतात तनु, इंग्रजीत थिन. तृण आणि थॉर्न, म्हणजे काटा. तृष्णा, जिची मराठीत तहान झाली, आणि थर्स्ट. मग ‘थोल’समोर काय येईल? ‘तुल्’. संस्कृतातला तोलण्याचा, उचलून वजन करण्याचा धातू.

लॅटिनमध्ये ‘त’ बदलला नाही. तिथे ‘तोल्लेरे’ म्हणजे उचलणं आणि ‘तोलेरारे’ म्हणजे सहन करणं. पुढे इंग्रजांनी लॅटिनमधून ‘टॉलरेट’ उसना घेतला तेव्हा तो त्या ‘त’सकटच आला. म्हणून ‘टॉलरेट’ झिजून ‘थोल’ होणं शक्यच नव्हतं. तो बदल घडण्याचा काळ दोन हजार वर्षांपूर्वीच संपला होता. ‘थोल’ वारशाने मिळालेला, ‘टॉलरेट’ उसना आणलेला. अपभ्रंश म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून ही एक गोष्ट पुरेशी आहे. शिकलेल्या माणसांचा शब्द शुद्ध आणि शेतकऱ्याचा शब्द त्याची बिघडलेली नक्कल, हा समज मला मनापासून खटकतो. इथे तर वयाने शेतकऱ्याचाच शब्द थोरला आहे.

मूळ धातूचा अर्थ उचलणं, पेलणं असा धरतात. त्यातून प्रत्येक शाखा आपापल्या वाटेने गेली. आपल्याकडे उचलण्यापासून वजन करणं आलं: तुला, तोल, तोलणे, तुलना, समतोल, ज्याची तोलणी होऊ शकत नाही तो अतुल. सोन्याचा तोळाही याच घरातला. (सराफाकडे आता तोळा म्हणजे १० ग्रॅम असा व्यवहार झाला आहे, ब्रिटिशांनी १८३३ मध्ये प्रमाण ठरवलेला तोळा ११.६६ ग्रॅमचा.) ग्रीकमध्ये ‘तालांतोन’ म्हणजे तराजू, मग त्यात तोललेलं वजन, मग तेवढ्या वजनाची चांदी म्हणजे मोठी रक्कम. बायबलमध्ये येशूच्या एका दृष्टान्तात धनी आपल्या चाकरांना असे तालांत सांभाळायला देतो, आणि त्या गोष्टीच्या उपदेशातून इंग्रजीत ‘टॅलेंट’ म्हणजे अंगचे गुण असा अर्थ रुजला. ग्रीक महाकवी होमर आपला नायक ओडिसियस याला वारंवार जे विशेषण लावतो, ‘पोलितलास’, पुष्कळ सोसलेला, त्यातला ‘तला’ हाच धातू. पृथ्वीचा नव्हे, आकाशाचा भार खांद्यावर घेतलेला ग्रीक पुराणातला अॅटलास याच धातूतला असं पूर्वापार सांगतात. अलीकडे काही अभ्यासक ते नाव ग्रीकांच्याही आधीचं असावं असं म्हणतात, म्हणून मी त्यावर भर देत नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटणारा नातलग मात्र तराजूत नाही, छपरात आहे. संस्कृत ‘तुला’चा एक अर्थ आडवी दांडी, घराचं आडवं लाकूड असाही आहे, आणि मराठीत तो तुळई होऊन राहिला. जुन्या वाड्यात मान वर करून पाहा. दोन्ही भिंतींवर टेकलेला तो जाड सागवानी ओंडका माळ्याचं सगळं ओझं घेऊन आडवा पडलेला असतो. ‘थोल’चा अर्थ मला एका वस्तूत दाखवायला सांगितला तर मी ती तुळई दाखवेन. भार घेणं आणि वाकून न मोडणं, दोन्ही त्यात आहे.

जर्मानिक भाषांनी मात्र उचलण्याचा अर्थ जवळजवळ टाकला आणि सोसण्याचा धरला. जर्मनमध्ये ‘डुल्डन’ म्हणजे सहन करणं आणि ‘गेडुल्ड’ म्हणजे धीर. जर्मनमध्ये ‘थ’चा पुढे ‘ड’ झाला, जसं थ्रीच्या जागी ‘ड्राय’. आइसलँडिकमध्ये ‘थोला’ आजही रोजच्या वापरात आहे आणि ‘थोल’ म्हणजे दमसास. डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश या तिन्हींत हे क्रियापद जिवंत आहे. जुन्या इंग्रजीत ‘थोलमोड’ असा विशेषणशब्द होता, सोशीक मनाचा. स्वीडिशमध्ये धीराला आजही ‘तोलामूद’ म्हणतात, तो याच जोडणीचा.

मग प्रमाण इंग्रजीतूनच तो का गेला? १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार, न्यायालय आणि चर्चच्या वरच्या जागा फ्रेंच बोलणाऱ्यांकडे गेल्या. ‘सफर’ आणि ‘एन्ड्युअर’ हे दोन्ही त्या वाटेने आले. शिवाय घरचाच ‘बेअर’ होता, आपल्या ‘भृ’ धातूचा आणि ‘भार’चा नातेवाईक. एका अर्थासाठी चार शब्द झाले आणि दक्षिण इंग्लंडमध्ये ‘थोल’ बाजूला पडला. पण एका दिवसात नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा कवी चॉसर तो वापरतो, आणि कुणाच्या तोंडी घालतो ते पाहा: एका गाडीवानाच्या. गवताने भरलेली गाडी चिखलात रुतली आहे, घोडे ओढत नाहीत, आणि हा चाबूक उगारून ओरडतोय की सैतान तुम्हाला हाडामांसासकट नेवो, तुमच्यापायी मी काय काय ‘थोललं’! १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात प्रेमाविषयीचा प्रसिद्ध उतारा आहे. त्यात दोन-चार ओळींत ‘सफर’, ‘बेअर’ आणि ‘एन्ड्युअर’ तिन्ही येतात. ‘थोल’ नाही. माझ्या मते त्या सव्वादोनशे वर्षांतच त्याची लेखी प्रतिष्ठा संपली.

उत्तरेकडे तो टिकला: यॉर्कशर, डरहॅम, नॉर्थम्बरलंड, कंबरलंड आणि सगळ्यात घट्ट स्कॉटलंडमध्ये. तिथल्या बऱ्याच भागांत व्हायकिंगांची वस्ती होती आणि त्यांच्या भाषेत ‘थोला’ होताच, त्यामुळे घरच्या शब्दाला शेजाऱ्याचा आधार मिळाला असावा असं मी मानतो. जोसेफ राइटच्या सहा खंडांच्या इंग्रजी बोली-कोशात (१८९८ ते १९०५) याची नोंद शेवटच्या खंडात आहे. हा राइट स्वतः यॉर्कशरचा. लहानपणी गिरणीत कामाला होता आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. बोलीला बिघडलेली भाषा न समजता तिचे नियम शोधायचे, हा त्याचा आग्रह कोशाच्या पानोपानी दिसतो.

आता बर्न्स. ही कविता १७८५ ची, छापली गेली १७८६ मध्ये. थंडीच्या तोंडावर नांगर चालवताना उंदराचं घरटं उलटलं. पानं आणि कापल्या पिकाचे खुंट कुरतडून त्याने ते कष्टाने रचलेलं. कवी त्याला म्हणतो, आता तुला घर नाही, हिवाळ्याची बर्फमिश्रित रिपरिप आणि गोठलेलं दव ‘थोलायला’ तू उघड्यावर. ‘सहन करायला’ हे भाषांतर इथे फार गुळगुळीत होईल. ‘सोसायला’ हवं, कारण मराठीत ऊन-पाऊस आपण सोसतो, आणि त्या शब्दात अंगावर पडणारं पाणी जाणवतं.

स्कॉटलंडच्या कायद्यातही हा शब्द राहिला, आणि अगदी तांत्रिक संज्ञा म्हणून. एखाद्यावर गुन्ह्याचा खटला चालून निकाल लागला की त्याने आपला ‘असाइझ थोलला’ असं म्हणतात. असाइझ म्हणजे तिथे ज्युरीपुढचा खटला. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं केलं तर आरोपी म्हणू शकतो: मी एकदा थोललं आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(२) मागचं तत्त्वही याच जातीचं. फरक असा की त्या कलमासाठी आधी खटला आणि शिक्षा दोन्ही झालेलं असावं लागतं, तिथे निर्दोष सुटलेल्यालाही हे संरक्षण आहे. २०११ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने हा नियम कायद्यात लिहून काढला आणि त्याला काही अपवाद केले, उदाहरणार्थ ठोस नवा पुरावा. १९७७ मध्ये एडिंबरामधून नाहीशा झालेल्या दोन तरुणींच्या खुनाच्या प्रकरणात अँगस सिंक्लेअर २००७ मध्ये सुटला होता. नव्या कायद्याखाली पुन्हा खटला चालला आणि २०१४ मध्ये तो दोषी ठरला. हजार वर्षांपूर्वीचं क्रियापद आपल्या डोळ्यांदेखत न्यायालयात काम करत होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कॉटिश लोक उत्तर आयर्लंडमध्ये वसवले गेले आणि शब्द त्यांच्यासोबत समुद्र ओलांडून गेला. डेरी परगण्यात १९३९ मध्ये जन्मलेला कवी शेमस हीनी याने बेओवुल्फच्या आपल्या अनुवादाच्या प्रस्तावनेत याची हकिगत सांगितली आहे. संपादित प्रतीच्या शब्दसूचीत ‘थोलिअन’ दिसला. ते थॉर्न अक्षर परकं वाटलं, आणि मग लक्षात आलं की हा तर आपल्या घरी बोलला जाणारा शब्द. कुणाच्या घरी अनपेक्षित मृत्यू झाला की हीनीची आत्या किंवा मावशी म्हणायची, आता त्यांना थोलायला शिकावं लागेल. (इंग्रजीत एकच ‘आन्ट’ असल्यामुळे नातं नेमकं सांगता येत नाही.) त्या शब्दाने बेओवुल्फ त्याला आपलं वाटू लागलं.

यात एक बारकावा आहे, जो मूळ संहिता शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. १९९९ च्या त्या अनुवादात अगदी सुरुवातीला, राजाविना लोकांनी काय भोगलं ते देवाने जाणलं, अशी ओळ आहे आणि तिथे हीनीने ‘थोल’ वापरला. पण मुळात त्या जागी ‘थोलिअन’ नाहीच! तिथे ‘ड्रेओगन’ या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप आहे. त्याचाही अर्थ भोगणं, आणि तोही स्कॉटिश बोलीत ‘ड्री’ म्हणून उरला: आपल्या नशिबाचे भोग भोगणं याला ‘ड्री युवर वीअर्ड’ म्हणतात. म्हणजे हीनीने एका बोलीशब्दाच्या जागी दुसरा बसवला, आणि तो घरचा होता म्हणून बसवला. अनुवादक म्हणून मला हा निर्णय पटतो. ‘ड्री’मध्ये नशिबाचं सावट आहे, नेत्याविना दिवस काढणाऱ्या लोकांसाठी ‘थोल’मधला चिवटपणा जास्त शोभतो.

खुंटीचं आटोपतं घेतो. होडीच्या काठावर वल्हं अडकवण्यासाठी ज्या खुंट्या ठोकतात, त्यातली एक म्हणजे ‘थोल’ किंवा ‘थोल-पिन’. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, ‘थोल्लर’, डचमध्ये ‘डोल’. ती वल्ह्याचा जोर सोसते म्हणून तिला ‘थोल’ म्हणतात असं कुणी सांगितलं तर कल्पना आवडते, पण व्युत्पत्ती म्हणून तिला आधार नाही. तसंच भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक घोटाळा टाळावा. सह्याद्रीचा काळा कातळ बहुतांशी ज्या जातीचा बेसाल्ट आहे, त्याला ‘थोलिआइट’ म्हणतात. ते नाव जर्मनीतल्या थोलाय या गावावरून पडलं. इतक्या पावसाळ्यांचा मारा सोसून उभ्या असलेल्या दगडाला हे नाव किती साजेसं, असं मनात येतं खरं; पण संबंध नाही.

शेवटी, हा शब्द मराठीत आणताना काय करावं. एकच प्रतिशब्द धरून बसू नका. थंडी-पावसासाठी आणि दुःखासाठी ‘सोसणे’. तलवारीसाठी ‘टिकणे’ किंवा ‘तग धरणे’. वेसेक्सच्या कायद्यासाठी ‘मुकणे’. असाइझसाठी मी ‘खटल्याला सामोरा गेलेला’ असं लिहितो. ‘भोगलेला’ म्हटलं की मराठी वाचकाला शिक्षा भोगल्याचा भास होतो, आणि इथे तर सुटलेलाही माणूस आहे. स्कॉटिश बोलण्यात आणखी एक छटा मिळते, पिकाला अजून थोडा पाऊस ‘थोलेल’ अशा धर्तीची. तिथे दुःख अजिबात नाही, आपण ‘चालेल’ किंवा ‘सोसेल’ म्हणतो तेच. आणि माणूस पुरता खचलेला असूनही कामाला लागलेला असेल, तर ‘सहन केलं’ऐवजी ‘पेललं’ लिहून पाहा.